भावचिन्हांना भाषा म्हणावे काय?

धर्मग्रामातील एखाद्या कुटुंबावर दुःखाचा प्रसंग आला, की त्याची वार्ता आज बहुधा चर्चच्या घंटेच्याही आधी भ्रमणध्वनीवर पोहोचते. व्हॉट्सॲपच्या गटावर निधनाची सूचना येते, दफनविधीची वेळ कळविली जाते आणि पाहता पाहता त्या सूचनेखाली जोडलेल्या हातांची रांग लागते. अनेकांनी केवळ हात जोडलेले असतात. दोन शब्द लिहिणारा एखादाच असतो. दुसऱ्या दिवशी त्याच गटावर कोणाचा तरी वाढदिवस असतो. मग तेथे केक, फुगे आणि पुष्पगुच्छ यांची गर्दी होते. शब्द तेथेही मोजकेच असतात.

या चित्रमय चिन्हांना जग ‘इमोजी’ म्हणते. मराठीत त्यांच्यासाठी ‘भावचिन्ह’ हा शब्द आता रूढ होऊ लागला आहे. त्यांच्याविषयी दोन टोकांची मते आमच्या कानी येतात. काही पालक आणि शिक्षक म्हणतात, की ही चिन्हे भाषेचा घात करीत आहेत आणि मुलांना सरळ चार वाक्ये लिहिता येईनाशी झाली आहेत. उलट काही तरुण म्हणतात, की ही तर जगातील सर्वांना समजणारी पहिली भाषा आहे, कारण तिला अनुवाद लागत नाही. दोन्ही मतांत एक गोष्ट गृहीत धरलेली आहे: भावचिन्हे ही एक भाषा आहे. परंतु ती खरोखरच भाषा आहे काय? हा प्रश्न वरवर पाहता हलका वाटतो. तथापि, सांत्वन, क्षमायाचना आणि वचन यांसारख्या गोष्टी आपण या चिन्हांवर सोपवू लागलो असल्याने त्याचे उत्तर शोधणे अगत्याचे आहे.

चिन्हांचा जन्म

या कथेचा आरंभ अमेरिकेत झाला. १९ सप्टेंबर १९८२ रोजी कार्नेगी मेलन विद्यापीठातील संगणकशास्त्रज्ञ स्कॉट फालमन यांनी आपल्या सहकाऱ्यांपुढे एक सूचना मांडली. तेथील मंडळी संगणकावरून एकमेकांना संदेश लिहीत असत. त्यांत थट्टेने लिहिलेले वाक्य कोणी खरे मानी आणि वाद माजत. तेव्हा थट्टेच्या मजकुरापुढे अपूर्णविराम, संयोगचिन्ह आणि बंद होणारा कंस अशी तीन चिन्हे ओळीने लिहावीत, असे फालमन यांनी सुचविले. मान डावीकडे कलती करून पाहिले, की त्यांत दोन डोळे, नाक आणि हसरे तोंड दिसते.

पुढचा टप्पा जपानमधील आहे. १९९७ साली तेथील जे-फोन या कंपनीने आपल्या एका भ्रमणध्वनी संचावर ९० लहान चित्रे उपलब्ध करून दिली. १९९९ साली एनटीटी डोकोमो या कंपनीसाठी शिगेताका कुरिता यांनी १७६ चित्रांचा संच तयार केला. आडवे १२ आणि उभे १२ ठिपके एवढ्याच जागेत प्रत्येक चित्र बसविलेले होते. हवामानाच्या वृत्तांतील चिन्हे, रस्त्यावरील फलक आणि जपानी चित्रकथा यांचा त्यांवर प्रभाव होता. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने २०१६ साली हा संच आपल्या संग्रहात समाविष्ट केला. ‘इमोजी’ हा शब्दही जपानीच आहे. ‘ए’ म्हणजे चित्र आणि ‘मोजी’ म्हणजे अक्षर. भावना या अर्थाच्या ‘इमोशन’ या इंग्रजी शब्दाशी त्याचे नाते नाही. दिसते ते साम्य योगायोगाचे आहे.

२०१० साली या चित्रांना युनिकोडमध्ये स्थान मिळाले आणि ती जगभर पसरली. युनिकोड म्हणजे जगातील लिप्यांच्या प्रत्येक अक्षराला ठरावीक क्रमांक देणारे एक मोठे कोष्टक होय. आपल्या देवनागरीला त्यात १९९१ सालीच, पहिल्या आवृत्तीत, जागा मिळाली होती. म्हणूनच एका संगणकावर लिहिलेला ‘क’ दुसऱ्या संगणकावर ‘क’ म्हणूनच उमटतो. आज याच कोष्टकात साडेतीन हजारांहून अधिक भावचिन्हे आहेत. २०१५ साली ऑक्सफर्ड शब्दकोशाने ‘वर्षाचा शब्द’ म्हणून शब्द न निवडता आनंदाश्रू ढाळणारा हसरा चेहरा निवडला, तेव्हा ही चिन्हे भाषेच्या पंक्तीला येऊन बसल्याचा अनेकांचा समज झाला.

परंतु कोष्टकात स्थान मिळाले म्हणून कोणतेही चिन्ह भाषा ठरत नाही. त्याच कोष्टकात बाण आहेत, गणिताची चिन्हे आहेत, संगीताच्या स्वरलेखनाची चिन्हे आहेत, बुद्धिबळाच्या सोंगट्याही आहेत. त्यांना कोणी भाषा म्हणत नाही. भाषा ठरविण्याच्या कसोट्या वेगळ्या आहेत.

भाषा कशाला म्हणतात?

अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ चार्ल्स हॉकेट यांनी १९६० साली मानवी भाषेच्या लक्षणांची एक यादी प्रसिद्ध केली. त्या सर्व लक्षणांचा परामर्श येथे घेता येणार नाही; आपल्या प्रश्नासाठी त्यांतील दोन आणि व्याकरणाची तिसरी अशा तीन कसोट्या पुरेशा आहेत.

पहिली कसोटी अशी, की भाषा थोड्याशा निरर्थक घटकांतून असंख्य अर्थपूर्ण शब्द घडविते. ‘क’, ‘म’ आणि ‘ल’ या अक्षरांना स्वतःचा असा अर्थ नाही. परंतु ती एका क्रमाने मांडली की ‘कमल’ होते आणि दुसऱ्या क्रमाने मांडली की ‘कलम’ होते. मराठी बोलणारा माणूस जेमतेम पन्नास ध्वनींच्या बळावर आयुष्यभर नवनवे बोलत राहतो. भावचिन्हांचे तसे नाही. कमळाचे चित्र फोडून त्याच्या तुकड्यांतून लेखणीचे चित्र तयार होत नाही. लेखणी हवी असेल तर तिचे वेगळे चित्र असावे लागते आणि ते युनिकोड संघाने संमत केलेले असावे लागते. ज्या भाषेत नवा शब्द आणण्यासाठी समितीकडे अर्ज करून वाट पाहावी लागते, तिला भाषा म्हणणे कठीण आहे.

दुसरी कसोटी अशी, की जे समोर नाही त्याविषयीही भाषेत बोलता येते. काल घडलेले, उद्या घडणारे, कधीच न घडलेले हे सर्व भाषा सांगू शकते. एक साधे वाक्य घेऊ: ‘पाऊस वेळेवर आला असता, तर आम्ही जमीन विकली नसती.’ यात पाऊस आलेला नाही आणि जमीन मात्र विकली गेली आहे. एकाची खंत दुसऱ्याशी जोडलेली आहे. आता हेच वाक्य चित्रांत मांडून पाहावे. ढग, शेत, नोटांची थप्पी आणि फुली अशी चिन्हे ओळीने ठेवली, तर वाचणारा त्यांतून काय घेईल? पावसाने शेत बुडाले आणि पैसे गेले असे कोणी म्हणेल. पाऊस पडला, पीक आले, तरी भाव मिळाला नाही असे दुसरा म्हणेल. ‘असता’ आणि ‘नसती’ या दोन लहान शब्दांत जे सामावले आहे, त्याचे चित्र काढता येत नाही.

तिसरी कसोटी शब्दांच्या परस्परसंबंधांची, म्हणजेच व्याकरणाची आहे. ‘मुलाने आईला बोलावले’ आणि ‘मुलाला आईने बोलावले’ या वाक्यांत माणसे तीच आणि क्रियाही तीच. ‘ने’ आणि ‘ला’ हे प्रत्यय जागा बदलतात आणि अर्थ उलटतो. मराठीपुरते आणखी एक सांगता येईल. ‘ये’, ‘या’ आणि ‘यावे’ यांतून आपण समोरच्या व्यक्तीशी असलेले नाते सांगत असतो. उंचावलेला अंगठा मात्र मित्राला, शिक्षकांना आणि सासऱ्यांना एकसारखाच जातो. तो पाहून एखादे वडीलधारे माणूस दुखावले गेले, तर त्यात नवल नाही.

भावचिन्हांच्या क्रमात काही व्याकरण आढळते काय, याचा शास्त्रीय अभ्यासही झाला आहे. चित्रांतून होणाऱ्या संवादाचे अभ्यासक नील कोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकांना केवळ भावचिन्हांनी संभाषण करावयास लावले. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार, लोकांनी बहुतेक वेळा एकेक सुटे चिन्ह किंवा अगदी साध्या मालिका वापरल्या. वाक्यरचनेसारखी गुंतागुंत त्यांत दिसून आली नाही.

घंटा काय सांगते?

आपल्या परिचयाचा एक दृष्टान्त घेऊ. चर्चची घंटा आपल्याशी बोलते, असे आपण सहज म्हणतो. आणि ते एका अर्थाने खरेही आहे. मिस्सेची घंटा, दुपारच्या प्रार्थनेची घंटा, सणाच्या दिवशीचा घंटानाद आणि कोणी निवर्तल्यावर संथपणे वाजणारी घंटा यांतील फरक गावातील लहान मूलही ओळखते. ती संथ घंटा ऐकू आली, की शेतात काम करणारा माणूस क्षणभर थांबतो, कपाळाकडे हात नेतो आणि मग शेजाऱ्याला विचारतो, ‘कोण गेलं?’

हा प्रश्न महत्त्वाचा आहे. कोणाचा तरी मृत्यू झाला एवढे घंटेने सांगितले. परंतु कोण गेले, कशाने गेले, दफनविधी केव्हा आहे, यांपैकी काहीही ती सांगू शकत नाही. त्यासाठी शब्दच हवेत. घंटा हा एक संकेत आहे. संकेतांची संख्या ठरलेली असते, प्रत्येकाचा अर्थ आधी ठरवून घ्यावा लागतो आणि दोन संकेत एकत्र करून तिसरा नवा विचार मांडता येत नाही. असे असूनही घंटेचा नाद ऐकून मनात जे उमटते, ते शब्दांनी उमटेलच असे नाही. भावचिन्हांचे सामर्थ्य आणि त्यांची मर्यादा या दोन्ही गोष्टी या दृष्टान्तावरून ध्यानात येतील.

चित्रापासून अक्षरापर्यंत

येथे एक आक्षेप घेतला जाईल. लेखनाचा उगम चित्रांतूनच झाला ना? मग आजची चित्रे उद्या भाषा का होणार नाहीत?

लेखनाचा उगम चित्रांतून झाला हे खरे आहे. इसवी सनापूर्वी सुमारे ३२०० च्या आसपास मेसोपोटेमियातील सुमेरी लोक मातीच्या पाट्यांवर धान्य आणि गुरे यांचे हिशेब चित्रांनी नोंदवीत. परंतु ती चित्रे चित्रेच राहिली असती, तर त्यांत हिशेबापलीकडे फारसे काही लिहिता आले नसते. पुढे चित्राचा संबंध वस्तूपेक्षा त्या वस्तूच्या नावाच्या उच्चाराशी जोडला गेला आणि लेखनाला नवी वाट सापडली. सुमेरी भाषेत ‘ति’ म्हणजे बाण आणि तसाच उच्चार जीवन या अर्थीही होता. जीवनाचे चित्र काढता येत नाही. म्हणून लेखनिकांनी बाणाचे चित्र काढून जीवन लिहिले. मराठीत सांगायचे, तर मानेचे चित्र काढून ‘सन्मान’ या अर्थाचा ‘मान’ लिहावा तसे. त्या क्षणी चित्र हे ध्वनीचे चिन्ह झाले आणि जे जे बोलता येते ते ते लिहिण्याचा मार्ग मोकळा झाला.

इजिप्तच्या चित्रलिपीविषयीही शतकानुशतके असाच गैरसमज होता. ती पक्षी, डोळे आणि सर्प यांची गूढ चित्रभाषा आहे, असे विद्वान मानीत. १७९९ साली सापडलेल्या रोझेटा शिलालेखाच्या आधारे फ्रेंच अभ्यासक शांपोलियाँ यांनी १८२२ साली दाखवून दिले, की त्यांतील अनेक चित्रे ध्वनी दर्शवितात आणि त्यांमागे एक पुरी बोलली जाणारी भाषा उभी आहे. म्हणजेच लिपी ही भाषेची सेवक असते. लिपीच्या आधी भाषा असावी लागते. भावचिन्हांच्या मागे स्वतःची अशी भाषा नाही. ती मराठी, कोंकणी, इंग्रजी किंवा जपानी मजकुराच्या आधाराने उभी राहतात.

याचा एक गमतीदार पुरावा उपलब्ध आहे. हर्मन मेलव्हिल यांच्या ‘मोबी डिक’ या १८५१ सालच्या कादंबरीचे ‘इमोजी डिक’ या नावाने भावचिन्हांत रूपांतर करण्याचा प्रकल्प अमेरिकेतील फ्रेड बेनेन्सन यांनी हाती घेतला आणि २०१० साली तो पूर्ण झाला. २०१३ साली अमेरिकेच्या संसदीय ग्रंथालयाने, म्हणजे लायब्ररी ऑफ काँग्रेसने, तो ग्रंथ आपल्या संग्रहात घेतला. त्या ग्रंथात चिन्हांच्या प्रत्येक ओळीबरोबर मूळ इंग्रजी वाक्य छापलेले आहे. ते झाकून केवळ चिन्हांवरून कादंबरी समजून घेणे शक्य नाही.

हातांनी बोलली जाणारी भाषा

भावचिन्हे डोळ्यांनी पाहावी लागतात, त्यांना ध्वनी नाही, म्हणून ती भाषा नव्हेत, असे मात्र कोणी म्हणू नये. तसे म्हटल्यास आपल्यातील कर्णबधिर बांधवांवर मोठा अन्याय होईल. त्यांची सांकेतिक भाषा पूर्णपणे डोळ्यांसाठी असूनही ती सर्वार्थाने भाषा आहे. फार काळ जगाने तिला नुसते हातवारे मानले. अमेरिकेतील गॅलॉडेट येथील प्राध्यापक विल्यम स्टोकी यांनी १९६० साली प्रथमच शास्त्रीय रीतीने दाखविले, की हाताचा आकार, त्याचे स्थान आणि त्याची हालचाल या निरर्थक घटकांच्या जुळणीतून तिचे शब्द घडतात. ‘कमल’ आणि ‘कलम’ यांच्या बाबतीत आपण जे पाहिले, तेच येथे हातांनी घडते. आपल्या देशात भारतीय सांकेतिक भाषेच्या संशोधनासाठी २०१५ साली दिल्लीत केंद्र स्थापन झाले. त्याने २०१८ साली ३००० शब्दांचा कोश प्रकाशित केला आणि २०२१ पर्यंत त्यातील शब्दसंख्या १०,००० झाली.

मध्य अमेरिकेतील निकाराग्वा या देशात तर नवी भाषा जन्माला येताना अभ्यासकांना पाहावयास मिळाली. १९७० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत तेथील बहुतेक कर्णबधिर मुले आपापल्या घरात एकाकी होती. घरच्यांशी जुजबी खुणांनी त्यांचे व्यवहार चालत. मानाग्वा येथील शाळांत ती प्रथमच मोठ्या संख्येने एकत्र आली. शिक्षक त्यांना ओठांच्या हालचालींवरून स्पॅनिश शिकवू पाहत होते. परंतु मैदानात आणि बसमध्ये मुले आपसात खुणांनी बोलत होती. मागाहून शाळेत आलेल्या लहान मुलांनी मोठ्यांच्या त्या खुणा उचलल्या आणि कोणीही न शिकविता त्यांना नियमबद्ध व्याकरण दिले. आज ती निकाराग्वाची सांकेतिक भाषा म्हणून ओळखली जाते.

या उदाहरणावरून आपल्या प्रश्नाचे उत्तर बरेचसे स्पष्ट होते. खुणांची भाषा होऊ शकते. पण त्यासाठी त्या खुणांवाचून ज्यांचे जगणे अडते अशा माणसांचा समाज लागतो आणि ती बोलत बोलत वाढणारी मुले लागतात. भावचिन्हे वापरणाऱ्या प्रत्येकाजवळ आधीच एक भाषा आहे. केवळ भावचिन्हांतच भूक, भीती, हट्ट आणि प्रार्थना व्यक्त करणारे मूल कोणत्याही घरात वाढत नाही. म्हणून भावचिन्हांवर व्याकरण घडविण्याची वेळच येत नाही.

मग ही चिन्हे आहेत तरी काय?

भावचिन्हे भाषा नव्हेत, म्हणून ती कवडीमोलाची ठरत नाहीत. कॅनडातील भाषाशास्त्रज्ञ ग्रेचेन मॅककलॉक यांनी २०१९ सालच्या आपल्या पुस्तकात एक मार्मिक तुलना केली आहे. बोलताना आपण जसे हातवारे करतो, तसे लिहिताना भावचिन्हे वापरतो, असे त्या म्हणतात. बोलणारा माणूस नुसते शब्द उच्चारीत नाही. तो हसतो, भुवया उंचावतो, हात हलवितो, खांद्यावर थाप मारतो. फोनवर बोलताना समोर कोणी पाहत नसले, तरी आपले हात हलतात. लिहिताना हे सारे हरपते. जे हरपले त्याची थोडीफार भरपाई भावचिन्हे करतात.

आपल्या परंपरेला हा भेद नवा नाही. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात अभिनयाचे चार प्रकार सांगितले आहेत: आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक. शब्दांनी होतो तो वाचिक आणि शरीराच्या अवयवांनी होतो तो आंगिक. दोहोंची जागा स्वतंत्र आहे आणि नाट्य परिपूर्ण होण्यासाठी दोन्ही लागतात. भावचिन्हे ही लेखनातील आंगिक अभिनयाच्या जागी आहेत, असे म्हटल्यास वावगे ठरणार नाही.

मराठी बोलीत तर हे काम करणारे लहान लहान शब्दही आहेत. ‘ये’ म्हणणे वेगळे, ‘ये ना’ म्हणणे वेगळे आणि ‘ये बरं का’ म्हणणे आणखी वेगळे. आज्ञा तीच असते, पण ‘ना’ तिला विनवणी करतो आणि ‘बरं का’ तिला मायेची आठवण करतो. औपचारिक लेखनात हे शब्द गळून पडतात आणि भ्रमणध्वनीवर घाईने लिहिताना तर वाक्य अगदीच कोरडे होते. ‘उशीर झाला’ एवढेच लिहिले, तर तो राग आहे, तक्रार आहे की दिलगिरी, हे कळत नाही. पुढे एक ओशाळा चेहरा आला, की उलगडा होतो. आखाती देशांत नोकरीला गेलेल्या मुलाला, अक्षरओळख बेताची असलेली आई सकाळी एक फूल पाठविते, तेव्हा त्या फुलाची योग्यता कोणत्याही पत्राहून कमी नाही. अशा ठिकाणी भावचिन्हांची टिंगल करणे योग्य होणार नाही.

एकच अंगठा, दोन अर्थ

तथापि हातवाऱ्यांची एक अडचण असते. त्यांचा अर्थ प्रसंगावर, प्रदेशावर आणि पाहणाऱ्यावर अवलंबून राहतो. जोडलेले हात हे आपल्याकडे नमस्काराचे आणि प्रार्थनेचे चिन्ह आहे. जपानमध्ये ते ‘कृपया’ किंवा ‘आभारी आहे’ अशा अर्थाने वापरले जाते. आनंदाश्रू ढाळणाऱ्या चेहऱ्यातील अश्रू तेवढे पाहून एखाद्या ज्येष्ठ व्यक्तीने ते चिन्ह शोकसंदेशात वापरले, असेही घडते. अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठाच्या अभ्यासकांनी २०१६ साली असे दाखविले, की तेच चिन्ह त्याच रूपात पाहूनही सुमारे एक चतुर्थांश वेळा ते आनंदाचे, उदासीन की दुःखाचे याविषयी लोकांचे एकमत होत नाही. त्यातच प्रत्येक कंपनी आपल्या पद्धतीने चित्र काढते. २०१६ साली ॲपलने पिस्तुलाच्या चिन्हाच्या जागी पाण्याची पिचकारी दाखविण्यास सुरुवात केली. इतर मोठ्या कंपन्यांपैकी बहुतेकांनी २०१८ साली तो बदल केला. मधल्या काळात एकाने थट्टेने पाठविलेली पिचकारी दुसऱ्याला पिस्तूल म्हणून दिसू शकत होती.

असे गैरसमज न्यायालयापर्यंतही गेले आहेत. कॅनडातील सॅस्कॅचवान प्रांतात धान्य खरेदी करणाऱ्या एका कंपनीने २०२१ साली जवसाच्या खरेदीच्या कराराचे छायाचित्र एका शेतकऱ्याला पाठविले आणि दुजोरा मागितला. शेतकऱ्याने उंचावलेला अंगठा पाठविला. पुढे भाव चढले आणि जवस पोहोचले नाही. करार मिळाला एवढेच आपण कळविले होते, असे शेतकऱ्याचे म्हणणे होते. २०२३ साली न्यायालयाने तो अंगठा म्हणजे संमती मानली आणि शेतकऱ्याला ८२ हजारांहून अधिक कॅनडियन डॉलर भरण्याचा आदेश दिला. २०२४ साली अपिलातही तो निर्णय कायम राहिला. याच्या उलट २०२४ साली मद्रास उच्च न्यायालयापुढे रेल्वे सुरक्षा दलातील एका जवानाचे प्रकरण होते. एका अधिकाऱ्याच्या हत्येविषयीच्या संदेशाखाली त्याने उंचावलेला अंगठा टाकला होता आणि ते हत्येचे समर्थन समजून त्याला सेवेतून काढण्यात आले होते. संदेश पाहिल्याची ती केवळ पोच असू शकते, हे न्यायालयाने मान्य केले आणि त्याला पुन्हा सेवेत घेण्याचा निर्णय कायम ठेवला.

अंगठा एकच, एकीकडे त्याचा अर्थ ‘मान्य आहे’ असा झाला, दुसरीकडे ‘पाहिले’ असा झाला. कॅनडातील न्यायाधीशांनी तो अर्थ कशावरून काढला, हे लक्षात घेण्यासारखे आहे. त्याच शेतकऱ्याने पूर्वीच्या व्यवहारांत ‘ठीक आहे’ अशा अर्थाचे शब्द लिहून करार मान्य केले होते आणि ते पाळलेही होते. म्हणजे अंगठ्याला अर्थ मिळाला तो आधीच्या शब्दांमुळे. शब्दांचा आधार काढून घेतला, की चिन्ह ज्याला जसे दिसेल तसे वाचले जाते.

शब्द कोठे द्यावा लागतो?

या सर्व विवेचनाचा निष्कर्ष असा, की भावचिन्हे ही भाषा नसून भाषेसोबत चालणारे हावभाव आहेत. त्यांना शत्रू मानण्याचे कारण नाही आणि त्यांच्यावर भाषेचा सारा भार टाकणेही उचित नाही. मुले ती वापरतात म्हणून चिंता करण्यापेक्षा, चिन्हाच्या आधी किंवा नंतर ती एखादे पूर्ण वाक्य लिहितात की नाही, इकडे पालकांनी लक्ष द्यावे. खेळीमेळीत, शुभेच्छांत, ‘निरोप मिळाला’ एवढेच कळविताना चिन्ह पुरेसे आहे. परंतु काही प्रसंगी समोरचा माणूस आपल्याकडून शब्दाची अपेक्षा करतो आणि तशी अपेक्षा करण्याचा त्याला अधिकारही असतो. पैशाचा व्यवहार असेल, तर ‘मान्य आहे’ किंवा ‘वाचून कळवितो’ असे स्पष्ट लिहावे. कोणाला दुखविले असेल, तर ओशाळा चेहरा पाठवून सुटका करून घेऊ नये. काय चुकले ते सांगून क्षमा मागावी. ज्येष्ठांना लिहिताना ‘आपण’, ‘यावे’ हे आदराचे शब्द वापरावेत, कारण ते देण्याची सोय कोणत्याही चिन्हात नाही.

आणि ज्या घरात मृत्यू झाला आहे, तेथे तर शब्द अवश्य पाठवावा. जोडलेल्या हातांमागील भावना खोटी असते, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. ती खरीच असते. पण दुःखी कुटुंब काही दिवसांनी ते संदेश पुन्हा चाळते, तेव्हा सारखीच दिसणारी चिन्हे कोणी पाठविली हेही आठवत नाही. ‘तुमच्या आईंनी आम्हाला एकदा जेवल्याशिवाय जाऊ दिले नव्हते’, असे एखादे वाक्य मात्र वाचणारा थांबून वाचतो. त्यात गेलेल्या व्यक्तीचे काहीतरी जपलेले असते. ते वाक्य अलंकारिक असण्याची गरज नाही, त्यात शुद्धलेखनाच्या चुका असल्या तरी चालतील.

घंटा ऐकून आपले वाडवडील कधी घरी बसून राहिले नाहीत. कोण गेले ते विचारून ते त्या घराकडे निघत, दाराशी बसत आणि सुचेल तसे चार शब्द बोलत. भ्रमणध्वनीवर हात जोडून झाल्यावर आपल्यालाही तेवढे करता येण्यासारखे आहे. जाणे शक्य नसेल, तर त्या चिन्हाखाली निदान एक ओळ तरी लिहावी.